रंग बदलणारी नेलपॉलिश आणि आमचा गट



मागच्या दोन वेळेला आम्ही बँकेच्या कर्जाबद्दल आणि पापडाच्या पॅकिंगबद्दल बोललो. आज विषय नेलपॉलिशचा आहे. हसू नका. आमच्या गटाच्या बैठकीत या विषयाला हप्त्यांच्या हिशेबापेक्षा जास्त वेळ गेला, आणि शेवटी तो हिशेबापाशीच आला.

आमचं पावणे म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेलं, एमआयडीसीच्या कुशीतलं गाव. आमच्यातल्या कुणी कंपनीत पॅकिंगला जातात, कुणी ऑफिसात साफसफाईला, कुणी मासळी विकतात. पाच जणी मिळून तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी करतात. म्हणजे सगळ्यांचं पोट हातावर, आणि हाताकडे बघायला वेळ कुणाला नाही.

भाद्रपदात एका बैठकीला आमच्यातलीची भाची एक छोटी बाटली घेऊन आली. तिनं दोन बोटांना रंग लावला. ट्यूबलाइटखाली तो नुसता राखाडी, भांड्याच्या बुडासारखा दिसला. एक काकू म्हणालीसुद्धा, ‘काय गो, याला पैसे दिलेस?’ पोरगी उठली, दाराबाहेर उन्हात गेली आणि बोटं हलवली. नखावर तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, सगळे पट्टे सरकायला लागले. बैठक तिथेच मोडली. सगळ्या दारात.

पुढच्या बैठकीत तिघींनी अर्ज दिला. अंतर्गत कर्जातून ८,००० रुपये हवेत, अशा बाटल्या आणायच्या आणि हळदीच्या कार्यक्रमांत जाऊन बायकांच्या नखांना लावून द्यायच्या. आपल्याकडची हळद तुम्हांला सांगायला नको. लग्नाला जितकी माणसं त्याहून जास्त हळदीला, आणि सगळ्या बायका एकसारख्या साड्यांत. धंदा चालण्यासारखा होता. पण ८,००० ही आमच्या सगळ्यांची बचत. म्हणून ठरलं की आधी आपल्याच नखांवर करून बघायचं.

दहा जणींनी १०० रुपये काढले. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांतून ५० रुपयांवाल्या तीन बाटल्या, दुकानातून २५० च्या दोन, एक काळी नेलपॉलिश ६० ची, खाली लावायचा बेस कोट १२० चा आणि रिमूव्हर ९० चा असे ९२० खर्च झाले. उरलेल्या ८० चे चौघींनी वडापाव खाल्ले, तेही वहीत लिहिलं आहे.

पहिले तीन दिवस आम्ही फसलो असंच वाटलं. पाऊस लागला होता, ऊन नाही, आणि नखं राखाडीच. चौथ्या दिवशी उघडीप झाली तेव्हा कळलं. या बाटलीला होलोग्राफिक म्हणतात. तिच्यात चमकीचे अगदी बारीक कण असतात आणि त्या प्रत्येक कणावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा ठशासारख्या उठवलेल्या असतात. घरात जुनी गाण्यांची सीडी असेल तर तिची मागची बाजू उन्हात धरून बघा. तिच्यावर एका मिलिमीटरमध्ये सहाशेच्या वर चऱ्या असतात, म्हणून ती इंद्रधनुष्य दाखवते. नखावर तेच होतं. पांढऱ्या उजेडातले रंग त्या रेघा वेगवेगळ्या दिशांना फेकतात. पण उजेड एका जागेवरून यायला हवा. ऊन, टॉर्च, मांडवातला मोठा दिवा चालतो. ट्यूबलाइटचा पसरलेला उजेड चालत नाही. म्हणजे हळदीच्या मांडवात दिसणार, घरात नाही. धंद्याच्या दृष्टीनं ही मोठी माहिती होती.

दुसरी बाटली रंग बदलणारी. सरळ बघितलं तर हिरवी, बोट तिरकं केलं की जांभळी. एक मावशी म्हणाली, ही तर धूपछाव पैठणी झाली. दिसायला तशीच, पण आत फरक आहे. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, दोन्ही रंग खरोखर धाग्यात असतात. या बाटलीतल्या कणांवर अतिशय पातळ थर असतात. थराच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो, त्यातून काही रंग उठतात आणि काही मरतात. आपण तिरकं बघितलं की उजेडाची वाट बदलते आणि रंगही बदलतो. साबणाचा फुगा, पावसात रस्त्यावर सांडलेलं तेल, शिंपल्याची आतली बाजू, हे सगळं त्याच जातीचं.

हे चाललेलं असताना आमच्या कोषाध्यक्षीणबाईंनी पेटी उघडली आणि पाचशेची नोट काढली. नवीन नोटेत जी चकचकीत पट्टी असते, ती नोट तिरकी केली की हिरव्याची निळी होते. रिझर्व्ह बँकेनं ती मुद्दाम तशी ठेवली आहे, कारण रंग बदलणारी गोष्ट झेरॉक्सवर उतरत नाही. इतकी वर्षं आम्ही नोटा मोजल्या, पण पट्टीकडे बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून बाई प्रत्येक पाचशेची नोट तिरकी करून मगच पेटीत टाकतात. नेलपॉलिशचा धंदा न होता तरी एवढ्यानं आमचे १,००० रुपये वसूल होते.

आता लावण्याचं. रंग बदलणारी बाटली उघड्या नखावर फिकी दिसते. आधी काळा हात द्या, वर ही लावा, मग बघा. हात पातळ द्यायचे, दोन, आणि मधे वाळू द्यायचं. जाड एकच हात दिला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि साडीला लागतो. बेस कोट टाळू नका, नाहीतर नख पिवळं पडतं. भांडी घासणाऱ्या आमच्या हातांवर रंग चार दिवस टिकला, मासळी साफ करणारीच्या हातावर दोनच.

काढणं मात्र कठीण. चमकीचा रंग नुसत्या बोळ्यानं निघत नाही. आमच्यातल्या एकीनं ब्लेडनं खरवडला आणि नखाचा पापुद्राच गेला. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, अख्खं नवीन यायला सहा महिने. तिला अजून आमसुलाचं पाणी झोंबतं. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवा, वरून चपातीला गुंडाळतो तो चांदीचा कागद गुंडाळा, दहा मिनिटं बसा, मग पुसा.

हा रिमूव्हर आणि ही बाटली आगीला फार भुकेली असतात, हे नीट ऐका. नेलपॉलिशचा जो पापुद्रा होतो त्याला नायट्रोसेल्युलोज म्हणतात. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते बनतं. बंदुकीच्या दारूतही हेच, आणि जुन्या काळच्या सिनेमाच्या रिळांतही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या चित्रपटांच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने सिनेमे जळून गेले, ती रिळं याच जातीची. आमच्याकडे एका घरात मुलीनं रिमूव्हरचा बोळा देवघराशेजारी ठेवला आणि निरंजनानं तो पेटला. आईनं ओला टॉवेल टाकला म्हणून पडद्यावर निभावलं. एमआयडीसीत आगीचे बंब धावताना आम्ही लहानपणापासून बघतो, आणि घरातल्या बाटलीचं मात्र भान नव्हतं.

पन्नास रुपयांच्या बाटल्यांची गोष्ट वेगळीच झाली. आठव्या दिवशी एकीच्या पापण्या सुजल्या. डोळे आले म्हणून तिनं थेंब घातले, उपयोग नाही. डॉक्टरांनी तिचे हात बघितले आणि विचारलं, नेलपॉलिश नवीन आहे का? आम्हांला पटेना. नखावरचा रंग पापणीला कसा जाईल? पण आपण दिवसातून कितीदा डोळ्याला हात लावतो ते मोजून बघा. नखाची कातडी जाड, पापणीची पातळ, म्हणून ॲलर्जी तिथे उठते. हे डॉक्टरांना नेहमीचं आहे. त्या बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची शेवटची तारीख, आत काय आहे, काहीच नव्हतं. हे सगळं छापलेलं असलंच पाहिजे. सौंदर्यप्रसाधनांसाठी १९४० चा कायदा आहे आणि २०२० चे नियम आहेत. त्याच कायद्यामुळे आम्ही आणखी एक बेत सोडला. रंग बदलणारी भुकटी सुटी मिळते, ती पांढऱ्या पॉलिशमध्ये घालून आपणच बाटल्या भरू, असं एकीचं म्हणणं होतं. विकण्यासाठी बनवायचं तर परवाना लागतो. पापडाचं आणि याचं एक नाही.

लेबल वाचताना मायका हा शब्द दिसला. मायका म्हणजे अभ्रक. झारखंडात कोडरमा आणि गिरिडीहच्या बाजूला बायका आणि लहान मुलं जमीन उकरून अभ्रकाचे तुकडे वेचतात, त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. बिळांसारखे खड्डे खणतात, ते ढासळतात, आणि हातात पैसे थोडेच पडतात. आमच्या नखावर चमकतं ते कदाचित तिथल्या कुणा बाईच्या टोपलीतलं. काही बाटल्यांवर सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट असं अवघड नाव असतं, तो कारखान्यात बनवलेला अभ्रक. मिळाली तर आम्ही तीच बाटली घेतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

भाकरीवाल्या पाच जणींचं भांडण मात्र झालं. पीठ मळणाऱ्या हाताला नेलपॉलिश चालत नाही, टवका निघून भाकरीत गेला तर ऑर्डर गेली. हा नियम गटानं आधीच केला होता. त्या म्हणाल्या, मग आम्ही नुसतं बघायचं का? मग त्यांनी पायांच्या नखांना लावली. आता भाकऱ्या थापताना त्या पाय पुढे करून बसतात आणि सारख्या पायाकडे बघतात.

एक गोष्ट सांगावी की नाही यावर आमचं बोलणं झालं. जिची ती आहे तिनं सांगा म्हटलं, नाव घेऊ नका म्हटलं. आमच्यात एक ताई आहे, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दहा जणींनी १०० रुपये काढले त्यात तिचेही होते. पण पंधरा दिवस बाटल्या फिरल्या, रंगांवर वाद झाले, आणि तिच्या हाताला काही नाही हे आमच्यातल्या एकीच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं नाही असंही म्हणता येत नाही. आम्ही तिला विचारलंच नव्हतं. हळदीकुंकवाला वगळायची सवय आमच्या हातात इतकी मुरली होती की बाटली तिच्यासमोरून आपोआप पुढे गेली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे सगळं. त्याच महिन्यात सरकारनं तो कित्ता सगळ्या गावांनी गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. त्या वेळी आम्ही बैठकीत टाळ्या वाजवल्या होत्या.

तिनंच विषय काढला. म्हणाली, ‘माझे १०० रुपये परत द्या, मला वापरायला मिळालं नाही.’ कुणाला बोलता येईना. मग भाचीनं बाटल्या तिच्यापुढे मांडल्या. तिनं राखाडी निवडली. घरात दिसत नाही, उन्हात दिसते, म्हणून. गल्लीत दोघी-तिघी बोलल्याच. सासूनं चार दिवस काही म्हटलं नाही, पाचव्या दिवशी विचारलं की हे जातं कशानं. टोमणा होता की चौकशी, हे तिला अजून कळलेलं नाही.

कर्ज आम्ही मंजूर केलं, पण ८,००० नाही, ३,०००. लेबल असलेल्याच बाटल्या, सहा महिन्यांत फेड. बोळे झाकणाच्या डब्यात, गॅस आणि दिव्यापासून लांब. नखाला जखम किंवा बुरशी असेल तर लावायचं नाही, पैसे देत असली तरी. आणि कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर तिला आधीच सांगायचं की तिकडे रंग काढायला लावतात.

तुळशीच्या लग्नानंतर पहिलं काम कोपरखैरण्याच्या एका हळदीचं मिळालं. लावायला जाणाऱ्या तिघींत ती ताईही होती, कारण तिचा हात सगळ्यांत स्थिर आहे. तिथल्या एका आजीनं तिच्या रिकाम्या गळ्याकडे बघून विचारलं, ‘नवरीला कोण लावणार?’ आमच्यातली दुसरी पुढे होऊन म्हणाली, मी लावते. तंटा नको म्हणून. बाकीच्या १३ जणींपैकी ९ जणींना ताईनं लावलं, त्या आजीच्या सुनेलाही. एकूण १४ जणी, माणशी ५० प्रमाणे ७०० रुपये. रिक्षा आणि कापसाचे १०० गेले.

नवरीच्या वेळी आम्ही मागे हटलो ते बरोबर केलं की नाही, यावर गटात दोन मतं आहेत. येत्या बैठकीत तो विषय घेतला आहे. तुमच्या गटात असं काही झालं असेल तर आम्हांला कळवा, बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. नमस्कार.