कोल्हापूरचे तलाव : एक जलसाखळी

कोल्हापूरच्या दक्षिणेस कात्यायनीचे डोंगर आहेत. तेथील ओढ्यांचे पाणी कळंबा तलावात साठते. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी हा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधण्यात आला. तो भरला की जादा पाणी जयंती नाल्यावाटे शहर ओलांडून पंचगंगेस मिळते.

शहरातही रंकाळा व कोटितीर्थ यांखेरीज अनेक तळी होती. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम, तर कपिलतीर्थाच्या जागी मंडई आहे. तळी बुजविली, तरी सखल जागा सखलच राहिली. म्हणूनच पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचते.

२०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेची फूग जयंती नाल्यातून वस्तीत शिरली. २०२३ मध्ये काळम्मावाडीचे पाणी थेट नळाने शहरात आले. परंतु तेवढ्याने जुन्या तलावांचे प्रयोजन संपत नाही. ते पावसाचे पाणी थोपवितात, भोवतालच्या विहिरींना पाझर देतात आणि पक्ष्यांना आश्रय देतात. त्यांतील गाळ काढणे, सांडपाणी रोखणे आणि ओढ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवणे हे शासनाइतकेच नागरिकांचेही कर्तव्य होय.