भ्रमणध्वनी, पाळत आणि विश्वास



ज्या शाळेत मी पाटीवर मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मृत्यर्थ चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. मी विद्वान नव्हे. माझी उभी हयात टेलिफोन केंद्रात, तारा आणि बोर्ड यांच्या सहवासात गेली. तेव्हा ज्यातले मला थोडेफार कळते, असाच विषय मी घेतला आहे. आपल्या खिशातील स्मार्टफोनवर कुणी चोरून पाळत ठेवीत आहे काय, हे कसे ओळखावे, हा तो विषय होय. गुरुजींच्या स्मृतिदिनी असला विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु या विषयाचा पहिला धडा मला गुरुजींनीच दिला.

जुन्या मंडळींना आठवत असेल की, त्या काळी आपल्या भागातील कितीतरी घरांतले कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. पत्र आले की अक्षरओळख नसलेल्या आयाबाया ते घेऊन संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर येत. गुरुजी पत्र वाचून दाखवीत, उत्तर लिहून देत. कुणाच्या घरी कर्ज किती, कुणाचा मुलगा दारूच्या नादी लागला, कुणाच्या सुनेला माहेरी राहायचे आहे, हे सारे त्यांना ठाऊक होते. अर्ध्या गावाची गुपिते पोटात ठेवून हा मनुष्य पस्तीस वर्षे गावात वावरला, परंतु त्यांतला एक शब्दही त्यांच्या ओठांबाहेर पडला नाही. बायका आपले पत्र आपल्या हाताने त्यांना देत असत. संमतीने वाचणे आणि चोरून वाचणे यांतले सारे अंतर त्या देण्यात आहे.

हे अंतर मला कळले ते माझ्याच चुकीतून. १९८२ सालच्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. पुढे काही महिन्यांनी, मी ट्रंक बोर्डावर असताना, आपल्याच गावच्या एका तरुणाचा मुंबईहून कॉल आला. दोन्ही बाजूंना आवाज नीट पोहोचतो की नाही एवढे पाहून ऑपरेटरने बाजूला व्हावे, असा शिरस्ता होता. ओळखीचा आवाज ऐकून मी बाजूला झालो नाही. काम सुटले आहे, पण आईला एवढ्यात सांगू नको, मी स्वतः येऊन सांगेन, असे तो भावाला म्हणत होता. मी ते घरी आईजवळ बोललो. आईने कळवळ्यापोटी दुसऱ्याच दिवशी त्या माऊलीचे सांत्वन केले. मुलगा आठ दिवसांनी घरी आला, तेव्हा आईने त्याला एकच विचारले, "गावाला कळलं, आणि मला नाही सांगितलंस?" त्या मायलेकांत जी अढी पडली, ती बरीच वर्षे गेली नाही.

गुरुजींनी मला बोलावून घेतले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, ती बातमी तुझी नव्हती. आईला कधी सांगायचं, कसं सांगायचं, हा त्या मुलाचा हक्क होता. तो तू घेतलास." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणाचे संभाषण ऐकले नाही.

आता आपण वर्तमानाकडे वळू. सरकार फोन ऐकू शकते काय? शकते, परंतु कायद्याच्या चौकटीत. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने ती मुभा दिली होती. तिचा गैरवापर झाल्याच्या आरोपांवरून १९८८ साली आपल्याच कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना पद सोडावे लागले. पुढे १९९६ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले. आदेश सामान्यतः गृहसचिवानेच द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि समितीने त्याची तपासणी करावी, असे ते निर्बंध होत. २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा झाला आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याखालचे नियम आले. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हे कायदेशीर ऐकणे कंपनीच्या केंद्रातून होते. त्याची कोणतीही खूण आपल्या हातातल्या यंत्रावर उमटत नाही, आणि कोणतेही ॲप ती दाखवू शकत नाही.

दुसरा प्रकार पेगॅससचा. इस्रायलच्या एका कंपनीचे हे हेरगिरीचे साधन केवळ सरकारांना विकले जाते, असे ती कंपनी सांगते. २०१९ साली व्हॉट्सॲपने जगभरातील सुमारे १४०० जणांचे फोन या साधनाने लक्ष्य झाल्याचे जाहीर केले. त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांचाही समावेश होता. २०२१ साली प्रकरण पुन्हा उफाळले, आणि सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक प्रणाली आढळली, परंतु ती पेगॅससच होती असे निश्चित म्हणता आले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असेही ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. जेथे देशातील निवडक तज्ज्ञ छातीठोकपणे बोलू शकले नाहीत, तेथे "तुमचा फोन स्वच्छ आहे" असे दोन मिनिटांत सांगणाऱ्या दुकानदारावर किंवा ॲपवर आपण किती विसंबावे?

परंतु मित्रहो, असली महागडी साधने तुमच्या-आमच्यासाठी सहसा वापरली जात नाहीत. आपल्यावरची पाळत बहुधा साधी असते, आणि ती ठेवणारा हात ओळखीचा असतो.

गेल्या वर्षी या शाळेची एक माजी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या अनुमतीनेच, नावगाव वगळून, मी हे सांगतो आहे. "काका, मी बहिणीला दुपारी लिहिलेलं संध्याकाळी आमच्या घरी ठाऊक असतं. माझा फोन हॅक झालाय का?" मी म्हटले, "यंत्राचं नंतर पाहू. आधी सांग, हा फोन कुणी आणला, कुणी सुरू करून दिला, आणि त्याचा आकडा कुणाकुणाला माहीत आहे?" फोन पतीने आणला होता. खाते त्यांनी उघडले होते. कुलपाचा आकडा लग्नाच्या तारखेचा होता.

मग आम्ही क्रमाने पाहिले. हाच क्रम आपणही ठेवावा. प्रथम व्हॉट्सॲपमधील "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडावे. आपल्या खात्याला जोडलेले संगणक वा फोन तेथे दिसतात. नंतर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात "तुमची उपकरणे" पाहावीत, आणि परतीचा ईमेल व फोन क्रमांक आपलाच आहे ना, याची खात्री करावी. गूगल मॅप्समध्ये "लोकेशन शेअरिंग" कुणाबरोबर चालू आहे ते पाहावे. त्यानंतर सेटिंग्जमध्ये सर्व ॲपची यादी वाचावी. चोरटे ॲप पडद्यावर चिन्ह दाखवीत नाही, आणि यादीत "सिस्टीम सर्व्हिस" यासारखे भारदस्त नाव धारण करते. म्हणून "ॲक्सेसिबिलिटी", "डिव्हाइस ॲडमिन" आणि "नोटिफिकेशन ॲक्सेस" या तीन परवानग्या कुणाला दिल्या आहेत, ते अवश्य पाहावे. पडद्यावरचे वाचण्याची सत्ता याच वाटांनी मिळते. प्ले स्टोअरमधील "प्ले प्रोटेक्ट" कुणी बंद केले असेल, तर तीही एक खूणच समजावी. आयफोनमध्ये २०२२ पासून "सेफ्टी चेक" नावाची सोय आहे. तीत हे बरेचसे एकत्र पाहता येते.

त्या मुलीच्या फोनवर कोणतेही हेरॲप निघाले नाही. घरातल्या संगणकावर तिचे व्हॉट्सॲप जोडलेले होते, आणि तिचे ठिकाण अष्टौप्रहर पतीच्या फोनवर दिसत होते. दोन्ही गोष्टी तिच्याच फोनवरून, ती स्वयंपाकघरात असताना, काही मिनिटांत झाल्या असाव्यात.

ती तत्काळ सारे पुसून टाकणार होती. मी तिला थांबविले. पाळत तोडली की ती ठेवणाऱ्याला क्षणात कळते, आणि काही घरांत तो क्षण धोक्याचा असतो. शिवाय पुसल्यावर पुरावाही जातो. म्हणून आधी दुसऱ्या फोनने त्या पडद्यांची छायाचित्रे घ्यावीत, विश्वासाच्या माणसाशी त्या दुसऱ्याच फोनवरून बोलावे, आपण सुरक्षित आहोत ना ते पाहावे, आणि मग जोडण्या तोडून आकडे व पासवर्ड बदलावेत. तिने तसेच केले. पुढे त्या नवराबायकोंत काय बोलणे झाले, हे मला ठाऊक आहे. परंतु ती बातमी माझी नाही.

आता काही गैरसमजांविषयी. स्टार, हॅश, एकवीस, हॅश फिरवले की फोन कुणी ऐकत असल्यास कळते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याने फक्त तुमचे कॉल दुसरीकडे वळविले आहेत की नाही एवढेच कळते. मात्र कॉल वळवून चोऱ्या होतात, हे खरे. स्टार चारशे एक आणि पुढे एक क्रमांक फिरवायला लावून भामटे तुमचे कॉल, आणि कॉलवर येणारे सांकेतिक आकडे, स्वतःकडे ओढीत असत. म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ती सोय थांबविण्याचा आदेश कंपन्यांना दिला. फोन गरम होणे, बॅटरी लवकर उतरणे, खरखर येणे ही जुन्या फोनचीही लक्षणे आहेत. त्यांवरून कुणावर आळ घेऊ नये. याउलट, आपण कॅमेरा वा माइक वापरीत नसताना पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा किंवा नारिंगी ठिपका दिसला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

लग्नसराईत एक नवी लबाडी चालते. व्हॉट्सॲपवर आमंत्रणपत्रिका येते. ती चित्र नसून एपीके फाईल असते. ती उघडून मंजुरी दिली की फोन परक्याच्या हाती जातो. पत्रिकेच्या शेवटी एपीके ही अक्षरे दिसली, तर यजमानाला सरळ फोन करून विचारावे. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

कायदा काय म्हणतो? स्त्रीच्या ईमेलवर वा इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हा पुरुषाचा गुन्हा आहे. २०१३ साली तो दंडसंहितेत आला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. दुसरीकडे, पतिपत्नींनी एकमेकांचे चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरविले. नवराबायको एकमेकांवर पाळत ठेवू लागली, तर तेच मोडलेल्या नात्याचे लक्षण होय, अशा आशयाचे भाष्यही त्याच निकालात आहे. कायद्याच्या आधी नाते मोडते, ही गोष्ट न्यायालयालाही नोंदवावी लागली.

समोर पालक बसले आहेत. तुम्ही म्हणाल, मुलांवर लक्ष ठेवायचेच नाही काय? अवश्य ठेवावे. परंतु सांगून ठेवावे. "तुझ्या फोनवर मी अमुक एक ॲप घातले आहे, अमुक वयापर्यंत ते राहील," असे मुलाला समोर बसवून सांगावे. न सांगता ठेवलेली नजर ज्या दिवशी मुलाच्या ध्यानी येते, त्या दिवसापासून ते खोटे बोलायला नव्हे, तर काहीच न बोलायला शिकते. त्या मायलेकांची अढी मी पाहिली आहे, म्हणून एवढ्या खात्रीने बोलतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचे गाव राणी चन्नम्मांचे जन्मगाव आहे. धैर्याच्या गोष्टी तुम्ही लहानपणापासून ऐकता. मित्राचा उघडा पडलेला फोन न वाचता त्याच्या हाती देणे, यालाही थोडे धैर्य लागते. आज घरी गेल्यावर आईचा फोन घेऊन, तिला शेजारी बसवून, तिच्या परवानगीने, मी सांगितलेल्या चार जागा तिला दाखवा. पाहताना तिचे संदेश मात्र वाचू नका. गुरुजींच्या ओसरीवर ज्या आयाबाया पत्र घेऊन येत, त्यांच्याच नाती आणि सुना आज फोन घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. गुरुजींची जागा आता तुम्हाला चालवायची आहे.