मातीतली जित्राबं आणि सामूचा आकडा

(उमरखेड येथील शेतकरी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोठ्यात जनावरं किती, असं कोणी विचारलं तर आपण बोटावर मोजून सांगतो. वावरात किती, हे कोणी विचारत नाही. चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, बुरशी वेगळीच. शेणखत कुजवणं, खतातला नत्र पिकाला घेता येईल असा करणं, तुरीच्या मुळावर गाठी धरणं, ही सगळी त्यांची कामं. ही जित्राबं कशानं जगतात आणि कशानं घटतात, त्याचा हिशेब आज मांडायचा आहे.

पहिला हिशेब सामूचा. माती तपासून आलेल्या कागदावर हा आकडा असतो. ७ म्हणजे माती मध्यम. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट फरक, म्हणून ७ आणि ८ यांत थोडकंच अंतर आहे असं समजू नका.

२००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या माती ताडून पाहिल्या. जिवाणूंचे प्रकार कुठे जास्त, कुठे कमी, हे ऊनपावसापेक्षा सामूवरून जास्त नेमकं सांगता येतं असं त्यांना दिसलं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला एक पट्टा आहे. तिथे जुन्या काळी चुना कमीजास्त पडल्यामुळे एकाच शेतात सामू ४ पासून ८ च्या वर जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आम्ल टोकापेक्षा दुसऱ्या टोकाला जिवाणूंचे प्रकार सुमारे दुप्पट निघाले. बुरशीत मात्र फारसा फरक पडला नव्हता.

आपल्या देशातला दाखला रांचीजवळच्या कांके इथला. तिथली लाल जमीन मुळातच आम्ल. १९५६ पासून चाललेल्या प्रयोगात ज्या तुकड्यांना नुसतं अमोनियम सल्फेट मिळालं, तिथली जमीन आणखी आम्ल होत गेली आणि पीक बुडालं. चुना मिळालेल्या तुकड्यांत पीक तगलं. कोकणातल्या जांभ्या जमिनीलाही चुन्याचा उपयोग होतो.

पण भावांनो, ही गोष्ट उमरखेडची नाही. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकाची. तिच्यात चुनखडीचे खडे हाताला लागतात. बहुतेक वावरांचा सामू साडेसातपासून साडेआठपर्यंत भरतो. खतातून थोडं आम्ल आलं तरी ही चुनखडी ते जिरवून टाकते. तेव्हा कोणी दारात येऊन म्हणाला, “रासायनिक खतानं तुमची जमीन आम्ल झाली, हे औषध घ्या,” तर त्याला आधी तपासणीचा कागद मागा. आपल्या जमिनीला चुना लागत नाही. चुना लागतो तो आपल्याला.

मग आपलं दुखणं काय? ते उलट बाजूचं आहे. एक, विम्ल जमिनीवर युरिया उघडा फेकला की त्याचा अमोनिया होतो आणि वाऱ्यावर जातो. पैसे आपले, फायदा कोणाचाच नाही. दोन, डीएपीतलं स्फुरद चुनखडीशी बांधलं जातं आणि मुळाला मिळत नाही. लोह आणि जस्ताचंही तेच, म्हणून पानं पिवळी पडतात. तीन, आणि हे सगळ्यांत मोठं: मातीतली जित्राबं उपाशी आहेत. त्यांची वैरण म्हणजे सेंद्रिय कर्ब. बैल गेले, शेण गेलं, धसकटं आणि पऱ्हाटी आपण पेटवून देतो. मग त्यांनी खावं काय?

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हाचा खतांचा दीर्घकाळचा प्रयोग आहे, आपल्यासारख्याच काळ्या जमिनीत. रासायनिक खताला शेणखताची जोड मिळालेल्या तुकड्यांत कर्बही वाढला आणि जिवाणूही. म्हणजे काळ्या जमिनीतही जिवाणू वाढवता येतात. त्यासाठी आधी त्यांची वैरण वावरात गेली पाहिजे.

आता करायचं काय, ते सांगतो.

युरिया ओलीवर, पिकाच्या ओळीशेजारी द्या आणि लगेच डवरणी करून मातीआड करा. पऱ्हाटी बोंडअळीपायी वावरात उभी ठेवू नका, पण पेटवूही नका. बारीक करून शेणासोबत खड्ड्यात कुजवा. तुरीच्या बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ज्वारीला ॲझोटोबॅक्टर, दहा किलोला पाव किलो याप्रमाणे चोळा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. बियाणं सावलीत सुकवा. पाकिटावरची मुदत पाहून घ्या. मेलेले जिवाणू फुकटही महाग. तूर ऐन वाढीत असताना एक झाड अलगद उपटा, मुळाची गाठ चिरा. आत गुलाबी दिसलं तर कामगार कामावर आहेत.

सामू साडेआठच्या वर आला तर जमीन चोपण होत असेल. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. तिथे उपाय जिप्समचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा, तोही तपासणीवरून प्रमाण काढून. कालव्याचं किंवा बोअरचं पाणी देणाऱ्यांनी पाण्याचीही तपासणी करावी.

माती नेताना धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नका. आठदहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून माती काढा, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो न्या.

२०१५ पासून जमिनीची आरोग्यपत्रिका मिळते. तिच्यावर १२ आकडे असतात, जिवाणूंची गणती मात्र नसते. म्हणून सामू आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे आधी वाचा. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जित्राबं उपाशी आहेत असं समजा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पाऊस नाही, भावही नाही. खतावरचा फुकटचा खर्च वाचवणं मात्र त्याच्या हातात आहे. पेटीत घडी घालून ठेवलेली ती पत्रिका आज रात्री बाहेर काढा, आणि पुढच्या बैठकीला सोबत आणा. सगळ्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडू आणि गावाच्या मातीचा हिशेब गावातच करू.