संत्र्याच्या वाटेने

शरद ऋतूत नागपूरहून काटोलमार्गे वरूडकडे एकदा गाडीनं जरूर जा. कपाशीच्या शेतांमधून संत्र्याचे बगीचे डोकावू लागतात. फळांच्या भारानं वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले दिसतात.

ही फळं आंबिया बहराची. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडली जाणारी. बहर एकदम यावा म्हणून बागायतदार आधी झाडाचं पाणी तोडतो, त्याला 'ताण देणं' म्हणतात. पानं मलूल होतात आणि पुन्हा पाणी मिळालं की झाड फुलतं. लहानपणी मला हे फार निष्ठुर वाटायचं.

आजोबांच्या बगीच्यात तोडणीच्या दिवशी झाडांखाली ढीग लागत. बायका नुसत्या हाताच्या अंदाजानं लहान-मोठी फळं वेगळी करत, आणि पेट्यांमध्ये तणस अंथरलं जाई. संध्याकाळी आम्ही मुलं दिव्याच्या ज्योतीजवळ साल दाबायचो. तडतड ठिणग्या उडायच्या! सालीतलं तेल पेट घेतं, हे कळलं पुष्कळ उशिरा. तो वास आजही गाडीची काच खाली करताच ओळखू येतो.

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण वरूड-मोर्शी पट्ट्यात भूजल फार खोल गेलं आहे, आणि त्याची काळजी वाटते. ठिबक सिंचन आणि पाणी जिरवण्याची कामं तिथे गावोगाव व्हायला हवीत.

वाटेत संत्री घ्याल तेव्हा हिरवट साल पाहून बिचकू नका. रात्री गार झाल्याशिवाय रंग नीट चढत नाही, आतला गर मात्र गोड झालेला असू शकतो.