डोक्यांची मोजणी आणि गावचा रस्ता
(संस्थेच्या मेळाव्यातील भाषण)



गावाला रस्ता नाही, एस.टी. येत नाही, ही तक्रार आपण सर्वच करतो. परंतु रस्ता कोणत्या गावाला मिळतो आणि कोणते गाव मागे राहते, हे कसे ठरते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज आम्ही त्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती. चंद्रपूर जिल्ह्यात १९३, तर गडचिरोलीत अवघी ७४. जंगल आणि नद्यांच्या या मुलखात वस्ती लहान लहान टोल्यांत विखुरलेली आहे. चंद्रपूरकडे कोळसा, सिमेंट आणि बल्लारशाचे रेल्वे जंक्शन आहे खरे. पण त्याच जिल्ह्यात माणिकगड पहाडावरील कोलामांचे गुडेही आहेत.

आता नियम पाहा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकवस्ती ही तिची अट. पुढे नक्षलग्रस्त भागासाठी ती १०० वर आणली गेली. म्हणजे घरटी पाच माणसे धरली, तर वीस घरांचा टोला पात्र ठरतो आणि एकोणीस घरांचा टोला अपात्र! जवळच्या वस्त्या एकत्र धरता येतात, पण सपाटीवर त्या ५०० मीटरच्या आत असाव्या लागतात. जंगलात टोला टोल्यापासून इतका जवळ असेलच असे नाही.

रस्ता लोकसंख्येवर मिळतो आणि रस्ता झाल्यावर एस.टी. भारमान पाहते. लहान गाव असे दोनदा मार खाते. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्याचे उद्घाटन होऊन त्या भागातून अहेरीची बस सुरू झाली. भामरागड तालुक्यातील मरकनारला बस पोहोचली ती जुलै २०२५ मध्ये. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावर! तोवर आजारी माणसाला खाटेवर घालून न्यायचे आणि मुलीने शाळा सोडायची, हेच अनेक टोल्यांच्या वाट्याला आले. मानव विकास कार्यक्रमाच्या बसगाड्या मुलींना शाळेत मोफत नेतात. पण बसलाही आधी रस्ता लागतो.

मग आपण करावे काय? दोन गोष्टी सुचवितो.

पहिली, ग्रामसभेची. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेने शिफारस केल्यास रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे मात्र तोडता येत नाहीत. चार मीटर रुंदीच्या दोन किलोमीटर जोडरस्त्याला आठ हजार चौरस मीटर जागा लागते. ती या मर्यादेत बसते. "जंगल आडवे आले" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. ठराव घ्या, त्याची प्रत ठेवा.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२४ साली मंजूर झालेला ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पाही २०११ च्याच आकड्यांवर चालतो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हाचे आकडे कितीतरी वर्षे आपल्या गावांचे भवितव्य ठरवतील. म्हणून आपल्या तालुक्यातील प्रत्येक टोल्याची यादी करा. नाव, घरे, माणसे, डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर आणि पावसाळ्यात वाट अडवणारा नाला, एवढे एका वहीत लिहा. शेतावरच्या झोपडीतील म्हातारी सुटू नये, मजुरीसाठी बाहेर गेलेले कुटुंब कुठे मोजले गेले तेही विचारा.

शंभराची अट बदला, ही मागणी आपण करूच. कारण एकोणीस घरांतील माणूसही माणूसच आहे. परंतु मागणी करताना हातात आकडा हवा. तो आकडा गोळा करण्याचे काम शिकलेल्या मुलांनी अंगावर घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.