साडेचार एकरांची बाग आणि आपली कापसाची गंजी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही वाइनच्या एका बाटलीची गोष्ट सांगणार आहोत. कोणी नाराज होऊ नये. प्या असे सांगायला आम्ही उभे नाही. शेतमालाला नाव कसे मिळते आणि ते कोणाच्या हातात राहते, एवढेच सांगायचे आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला एका लिलावात फ्रान्सची तांबडी वाइन विकली गेली. नाव रोमाने-कोंती, साल १९४५. पाऊण लिटरची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने सुमारे ४ कोटी रुपये! हे पैसे बागवाल्याला मिळाले नाहीत. बाटली बर्गंडीतल्याच एका व्यापारी घराण्याच्या तळघरातली होती. पण नाव बागेचे आहे, आणि म्हणून दर साली निघणाऱ्या नव्या बाटलीचा भाव बागवाला सांगतो, गिऱ्हाईक ऐकते.

बाग केवढी? व्होन-रोमाने नावाच्या खेड्यात चुनखडीच्या उतारावर १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. बाग पावसावरची. पाऊस मात्र तिथे वर्षभर वाटून पडतो, आपल्यासारखा चार महिन्यांचा जुगार नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलोक्झेरा नावाची मुळे शोषणारी कीड फ्रान्समध्ये आली आणि तिने बागाच्या बागा मारल्या. बाकीच्यांनी अमेरिकन खुंटावर कलमे बांधली. आपले बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर बांधतात तशीच. फक्त आपल्याकडे कारण खारी जमीन आणि पाणीटंचाई. या साडेचार एकरांत मात्र जुने वेल स्वतःच्या मुळांवरच राखले होते, जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून. महायुद्धात औषध मिळेना, मजूर मिळेना. वेल खंगले. त्यात १९४५ च्या वसंतात हिवाने कोवळे फुटवे जळाले. उरलेल्या थोड्या घडांत रस घट्ट उतरला. एरवी पाच-सहा हजार बाटल्या निघत. त्या साली निघाल्या जेमतेम ६००.

नंतर मालकांनी वेल उपटले आणि १९४७ मध्ये नवी लागवड केली. १९४६ ते १९५१ या सहा सालांची त्या नावाची एकही बाटली नाही. शेजारच्या बागेचा रस भरून छाप मारता आली असती. मारली नाही. नाव राखणे म्हणजे कधी कधी न विकणे.

तुम्ही म्हणाल, सहा वर्षे थांबायला सावकार थांबतो का? बरोबर आहे. त्यांच्याकडे दुसऱ्या बागा होत्या, म्हणून ते थांबू शकले. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते जमणार नाही. म्हणूनच संघटना.

आणि फ्रान्समध्येही नावाचे रक्षण आपोआप झाले नाही. १९०७ मध्ये दक्षिणेकडचे द्राक्ष शेतकरी रस्त्यावर आले. साखर-पाण्याच्या भेसळीने भाव पडले, अशी त्यांची तक्रार होती. मोंपेलिएच्या सभेला लाखो माणसे जमली. नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळ्यांनी माणसे मेली. त्याच जून महिन्यात सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. कोणत्या गावाचे नाव कोणत्या मालाला लागेल, याची देशभराची पक्की व्यवस्था १९३५ मध्ये आली.

आपल्याकडे मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खोल काळ्या जमिनीतल्या ओलीवर पिकणारी ती ज्वारी. पण पोत्यात दुसरीकडची ज्वारी शिरली की कागद राहतो, नाव जाते.

आता कापूस. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस, कवडी आणि फरदड आपणच एका गाडीत भरतो. जिनिंगच्या आवारात दहा गावांचा माल एका गंजीत पडतो. तिथे आपले गाव संपते आणि सरसकट भाव सुरू होतो.

म्हणून येत्या हंगामाला प्रत्येक गावात निदान वीस घरांनी एक वाण ठरवावे. पहिली वेचणी वेगळी ठेवावी. कवडी, फरदड त्यात घालू नये. वीस घरांचा माल एकत्र जिनिंगला न्यावा, आपल्यासमोर वेगळा पिंजून घ्यावा आणि गाठीवर गावाचे नाव घालावे. पहिल्याच वर्षी भाव वाढेल असे आश्वासन आम्ही देत नाही. पण ज्या मालाला नाव नाही, त्याचा भाव नेहमी दुसराच ठरवतो. जी गावे तयार असतील, त्यांनी बैठक संपण्याआधी नावे लिहून द्यावीत.