घरच्या तरुणांस विचारावयाचा प्रश्न

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणिसांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी मधुमेहावर किंवा रक्तदाबावर चार शब्द सांगावेत अशी त्यांची अपेक्षा होती. गेली दोन-तीन वर्षे मी तेच केले, आणि त्यानंतरच्या पंगतीत जिलबीचा खप यत्किंचितही कमी झाला नाही हेही मी पाहिले आहे. यंदाचा विषय मी स्वतः मागून घेतला. तो अप्रिय आहे, आणि आनंदाच्या मेळाव्यात तो काढावा की काढू नये याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु आपली सर्व कुटुंबे एकत्र बसलेली आहेत असा दुसरा प्रसंग वर्षात येत नाही. म्हणून आपली क्षमा मागून बोलतो.

१९९९ सालच्या दिवाळीतील गोष्ट आहे. आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा, वय तेवीस, शिक्षण पुरे करून नुकताच परगावी नोकरीस लागलेला, सुटीत घरी आला होता. वडील त्याला माझ्या दवाखान्यात घेऊन आले. तक्रार एवढीच, की भूक नाही, झोप नाही, कामात लक्ष नाही. मी नाडी पाहिली, शक्तीचे इंजेक्शन दिले, आणि कामाचा ताण आहे, चार दिवसांत बरे वाटेल, असे सांगितले. निघताना त्याची आई दारापाशी किंचित थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘डॉक्टर, हा रात्री खिडक्या लावून घेतो आणि कोणाशी तरी बोलत बसतो.’’ बाहेर रोग्यांची रांग होती. मी म्हटले, ‘‘वहिनी, होते असे कधी कधी.’’

पुढे घरच्यांनी कोठून तरी धागा मंतरून आणला. मग एका नातेवाइकांनी स्थळ सुचविले. लग्न झाले की मन रमेल, असे सर्वांचे मत पडले. बोलणी चालू असतानाच, फाल्गुनात, त्या मुलाने आपले जीवन संपविले.

त्या वर्षीच्या स्मरणिकेचे संपादन मजकडे होते. श्रद्धांजलीच्या पानावर त्याच्या नावापुढे ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द मी माझ्या हाताने लिहिले. आईवडिलांची तशी इच्छा होती. आणि खरे सांगावयाचे तर ते लिहिताना मलाही बरे वाटले, कारण त्या दोन शब्दांखाली माझी चूकही झाकली जात होती. आज वाटते, त्यांतील ‘आजाराने’ हा शब्द खरा होता. ‘अल्पशा’ हा मात्र खोटा होता. तो आजार निदान सहा-आठ महिने त्या घरात वावरत होता आणि त्यास नाव देण्यास आम्ही कोणीही तयार नव्हतो.

या आजारास वैद्यक सायकोसिस म्हणते. आपण मनोविकृती म्हणू. स्किझोफ्रेनिया हा त्याचाच एक प्रकार होय. आत काय घडते आणि बाहेर काय घडते यांतील सीमारेषा पुसट होते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. शेजारी, सहकारी, रस्त्यावरचे लोक आपल्याविषयीच बोलत आहेत, आपल्यावर पाळत ठेवीत आहेत, अशी खात्री पटते. २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात अशा भावाला सांभाळणारी बहीण आहे. हा आजार बहुधा पंधरा ते तीस या वयात प्रथम दिसतो, म्हणजे नेमका शिक्षण, नोकरी आणि विवाह यांच्या काळात. तो आईवडिलांच्या संस्कारांतील उणिवेने होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, तथापि बहुसंख्य रोग्यांच्या आईवडिलांत वा भावंडांत हा आजार नसतो. गांजाचे व्यसन असल्यास धोका वाढतो, हेही मुलांना ठाऊक असावे.

स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांपैकी सुमारे वीसांत एक जण आत्महत्येने जातो, आणि हे मृत्यू प्रामुख्याने आजाराच्या पहिल्या काही वर्षांत होतात, असे संशोधन सांगते. ‘आता सुरुवात आहे, पुढे पाहू’ असे आपण म्हणतो तो काळच सर्वांत जोखमीचा असतो.

या संबंधात आयर्लंडमध्ये झालेला एक अभ्यास मी आपणांपुढे ठेवतो. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथील संशोधकांनी १३ ते १६ वर्षांच्या १,११२ शाळकरी मुलामुलींस प्रश्न विचारले आणि वर्षभर त्यांचा मागोवा घेतला. शेकडा ७ मुलांनी आवाज ऐकू येणे वगैरे भास होत असल्याचे सांगितले. या मुलांपैकी शेकडा २० जणांनी पुढील वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केला. इतर मुलांत हे प्रमाण अडीच होते. ज्यांना आधीच एखादा मानसिक विकार होता आणि शिवाय हे भासही होत होते, त्यांत ते शेकडा ३४ पर्यंत गेले.

हे आकडे ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. भास होणाऱ्या पाचांतील चौघांनी तसा प्रयत्न केला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. लहान वयात असे भास पुष्कळ मुलांना होतात आणि बहुतेकांचे ते वाढत्या वयाबरोबर निघून जातात. घरात कोणी वारल्यावर त्यांची हाक ऐकू आल्यासारखे वाटणे हा काही रोग नव्हे. माझी आजी आजोबांच्या मागे कित्येक महिने त्यांचा खोकला ऐकत असे आणि तिची प्रकृती आम्हां सर्वांहून ठणठणीत होती. आवाज ऐकू येतो म्हणून मूल वेडे झाले असे समजावयाचे नाही; त्या मुलाच्या मनात मरणाचे विचार आहेत का, हे विचारण्यास तेवढे कारण पुरेसे आहे, इतकेच.

विचारल्याने तो विचार मनात नव्याने भरेल, ही भीती मी अनेक सुजाण पालकांच्या तोंडून ऐकली आहे. न्यूयॉर्क राज्यातील शाळांत तिचीही परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. २,३४२ विद्यार्थ्यांपैकी काहींना आत्महत्येविषयी प्रश्न विचारले, काहींना विचारले नाहीत. विचारलेल्यांत त्रास अथवा तसे विचार वाढले नाहीत. उलट जी मुले आधीच उदास होती त्यांना विचारल्यावर थोडे हलके वाटले.

आता नॉर्वेकडे वळतो, कारण आपल्यासारख्या मंडळास घेण्याजोगे सर्वांत जास्त तेथेच आहे. त्या देशात रोगालांद नावाचा जिल्हा आहे. स्टाव्हांगर हे त्याचे मुख्य शहर. १९९७ पासून चार वर्षे तेथील वैद्यकीय मंडळींनी एक मोहीम चालविली. घरोघरी पुस्तिका पाठविल्या, वृत्तपत्रांत आणि चित्रपटगृहांत जाहिराती दिल्या, शिक्षकांना व आमच्यासारख्या साध्या डॉक्टरांना शिकविले, आणि कोणीही दूरध्वनी केला तरी एका दिवसात येऊन तपासणारे पथक ठेविले. ज्या भागांत अशी मोहीम नव्हती तेथे आजाराच्या आरंभापासून उपचारापर्यंतचा मध्यगत काळ १६ आठवडे होता. मोहिमेच्या भागात तो ५ आठवड्यांवर आला. उपचारास येणाऱ्या रोग्यांत आत्महत्येचे बेत आणि प्रयत्नही तेथे कमी आढळले. दहा वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा मोहिमेच्या भागातील सुमारे शेकडा ३१ रोगी पूर्ण बरे होऊन स्वतःच्या पायांवर उभे होते. दुसऱ्या भागांत १५.

परंतु मला विशेष महत्त्वाचे वाटते ते पुढचे आहे. चार वर्षांनी जाहिराती आणि पुस्तिका थांबविल्या. तपासणारे पथक तसेच ठेविले. तो मधला काळ पुन्हा वाढून १५ आठवड्यांवर गेला. डॉक्टर तेच, रुग्णालय तेच; लोकांना सांगणे मात्र बंद झाले होते. म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे, की आजारांची लक्षणे आणि मदतीचा क्रमांक या स्मरणिकेत दरवर्षी छापावा. गेल्या वर्षी छापला होता, यंदा कशाला, असे म्हणू नये. जाहिरातींचे एक पान कमी पडले तर त्याची भरपाई मी करीन.

आता लक्षणे. मुलगा किंवा मुलगी रात्रभर जागी राहते आणि दिवसा झोपते. स्नान, कपडे यांकडे दुर्लक्ष होते. मित्र एकाएकी तुटतात, अभ्यास किंवा काम कोसळते. खिडक्या-दारे लावून घेणे, कानांवर हात ठेवणे, अन्नात काही घातले आहे अशी शंका घेणे, एकट्यानेच हसणे. यांतील एखाददुसरे प्रत्येक तरुणात दिसेल. तीनचार एकत्र आणि काही आठवडे टिकून दिसली तर थांबू नये. एकान्तात बसून शांतपणे विचारावे, ‘‘कोणी नसताना तुला आवाज ऐकू येतात का? ते तुला काही करावयास सांगतात का? जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?’’ उत्तर होय आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत, ‘तुला काय कमी आहे’ असे म्हणू नये. त्यास एकटे सोडू नये. घरातील औषधांचा साठा व शेतीवरची औषधे कुलुपात ठेवावीत, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे. आवाज जर स्वतःस इजा करून घेण्याची आज्ञा देत असतील तर सकाळची वाटही पाहू नये. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

औषधे सुरू होऊन आवाज थांबले म्हणजे घरचे निश्चिंत होतात. येथे मी सावध करू इच्छितो. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे नाजूक असतात. त्या वेळी मुलास आपले काय झाले होते याची प्रथमच पुरती जाणीव होते, आणि आपले आयुष्य संपले असे त्यास वाटू शकते. सोबतीची खरी गरज तेव्हा असते.

पोलिसांच्या भीतीने पूर्वी लोक प्रयत्नाची गोष्ट लपवीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो मे २०१८ मध्ये अमलात आला, अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून दूर ठेविले आहे. जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून त्या संहितेबरोबरच गेले. ते कारण आता उरलेले नाही.

उरते ते आपल्या वधूवर सूचक विभागाचे कारण. एकदा नाव झाले की स्थळ येणार नाही, धाकट्या बहिणीचेही अडेल, ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही; मी या सभागृहातच तसे बोलणे ऐकले आहे. तरीही लग्न हा यावरील उपचार नव्हे, आणि लपवून केलेल्या लग्नात दोन घरांचे दुःख होते. तीन वर्षांपूर्वी आपल्या महिला शाखेतील एका काकूंनी आपल्या पुतणीचे वागणे ओळखले, साखरपुडा ठरलेला असतानाही तो पुढे ढकलावयास लावला आणि तिसऱ्या आठवड्यात तिला उपचारास नेले. ते लग्न मोडले. घरात काकूंशी वर्षभर कोणी धड बोलत नव्हते. मुलगी आज औषधे घेते, बँकेत नोकरीस जाते, आणि मागील महिन्यात आपल्या मावसभावाच्या मुंजीत तिने पंगतीत वाढले. लग्नाचे तिचे ती ठरवील.

अध्यक्षमहाशयांनी घंटा वाजविण्यापूर्वी एवढेच सांगतो. दुपारच्या उपाहारानंतर पाच वाजेपर्यंत मी वरच्या मजल्यावरील वाचनालयात बसणार आहे. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी एकेकट्याने यावे. मुलांनी आईवडिलांस न सांगता आले तरी चालेल. कोण आले, कोण गेले याची नोंद ठेविली जाणार नाही, आणि बाहेर रांग असली तरी या वेळी मी घाई करणार नाही.